न्यू जर्सीच्या मिडल स्कूलचं शिस्तखातं : कागद चोख, कारभार माणसागणिक

एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात घर बघताना मराठी कुटुंबं शाळेचं मानांकन बघतात, बसचा थांबा बघतात, गणिताच्या वरच्या वर्गात नंबर लागेल का ते विचारतात. शिस्तीचा विभाग कसा आहे हे कोणी विचारत नाही. तो विभाग पहिल्यांदा कळतो तो दुपारी पावणेबाराला ऑफिसात असताना फोन वाजतो तेव्हा. म्हणून हे त्या खात्याचं परीक्षण. कुठल्या एका शाळेचं नाही, कारण राज्याच्या नियमांमुळे सगळ्या सरकारी मिडल स्कूलचा (बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवी) सांगाडा एकच असतो. शाळेशाळेत फरक पडतो तो शिक्षेच्या मापात आणि असिस्टंट प्रिन्सिपलच्या स्वभावात. खासगी शाळेला यातलं बरंचसं लागू नाही; तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार हाच कायदा.

निकाल आधीच सांगून टाकतो. ही सेवा लिहिण्यावर आणि तारखांवर चालते. जे पालक त्याच संध्याकाळी ईमेल टाकतात त्यांना ती चांगली मिळते. जे 'सर म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच' म्हणून गप्प बसतात, किंवा थेट शाळेत जाऊन आवाज चढवतात, त्यांना वाईट मिळते. आपल्याकडच्या पालकांत या दोनच जाती जास्त आढळतात.

ऑगस्टमध्ये पालक-पोर्टलवर शाळेच्या नियमांचं हँडबुक येतं आणि 'वाचलं' अशी इलेक्ट्रॉनिक सही मागतं. सगळे न वाचताच सही ठोकतात. त्यातली वाचण्यासारखी पानं चार-पाचच असतात : गुन्ह्यांचा आणि परिणामांचा तक्ता. बहुतेक शाळा-जिल्हे तीन किंवा चार पायऱ्या करतात. पहिल्या पायरीत उशिरा येणं, फोन, ड्रेस कोड, पास न घेता हॉलमध्ये फिरणं. दुसरीत तास बुडवणं, उलट बोलणं, पहिलीतलंच पुन्हा पुन्हा करणं. तिसरीत मारामारी, व्हेप (ई-सिगारेट), चोरी, धमकी. चौथीत शस्त्र, ड्रग्ज विकणं, गंभीर मारहाण. राज्याचा नियम सांगतो की परिणाम चढत्या क्रमाने असावेत आणि वय, आधीची वागणूक, प्रसंगाचं गांभीर्य बघून ठरावेत. ऐकायला छान. पण तक्त्याच्या रकान्यात 'एक डिटेन्शन ते तीन दिवस सस्पेन्शन' अशी ऐसपैस पट्टी असते, आणि त्या पट्टीवर बोट कुठे ठेवायचं हे एक माणूस ठरवतो. फोनवर 'पॉलिसीच अशी आहे' असं सांगितलं जातं तेव्हा हँडबुक उघडून बघा. दहातल्या बऱ्याच वेळा पॉलिसीने पट्टी दिलेली असते, आकडा शाळेने निवडलेला असतो. 'या पट्टीतलं हे माप का निवडलं?' हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे आणि तो विचारला की माप कधीकधी खाली येतं.

मूळ कागद म्हणजे रेफरल, शिक्षकाने ऑफिसकडे पाठवलेली तक्रार. शिक्षक तो संगणकावर भरतात : तारीख, पिरियड, जागा, गुन्ह्याचा कोड, दोन-तीन ओळींची हकिकत, आधी काय करून पाहिलं, आणि शेवटचा रकाना ऑफिससाठी, 'कारवाई'. सगळा खेळ हकिकतीच्या त्या ओळींत असतो. 'विद्यार्थ्याला दोनदा क्रोमबुक बंद करायला सांगितलं, त्याने केलं नाही, तिसऱ्यांदा सांगितल्यावर झाकण आपटलं' ही चांगली नोंद आहे, कारण तिच्यावर बोलता येतं. 'विद्यार्थी उद्धट होता' ही निरुपयोगी आहे. 'इनसबॉर्डिनेशन' आणि 'डिसरिस्पेक्ट' हे दोन कोड म्हणजे गोधडी आहे. काहीही त्याखाली झाकता येतं. त्या कोडवर शिक्षा आली तर हकिकतीचे नेमके शब्द मागावेत. 'आधी काय करून पाहिलं' हा रकाना रिकामा असेल तर तेही नम्रपणे दाखवून द्यावं. पहिल्या पायरीच्या प्रकारात शिक्षकाने आधी वर्गातच हाताळायचं, घरी कळवायचं, मग ऑफिसकडे पाठवायचं, असं बहुतेक हँडबुकात स्वतः शाळेनेच लिहिलेलं असतं.

आता शिक्षा एकेक करून बघू.

लंच डिटेन्शन क्षुल्लक वाटतं. डबा घेऊन एका खोलीत बसायचं, बोलायचं नाही, संपलं. पण मिडल स्कूलच्या पोराला दिवसात मित्रांशी मोकळं बोलायला तेवढीच पाऊण तासाच्या आतली वेळ असते, त्यामुळे ते लागतं, आणि अभ्यास बुडत नाही. खात्यातली सगळ्यात समंजस शिक्षा. शाळा सुटल्यावरचं डिटेन्शन बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी कळवून देतात, कारण मूळ बस निघून जाते. लेट बस रोज असतेच असं नाही, हे आधी विचारून घ्या. दोघं नोकरीला असाल तर तारीख बदलून मागता येते. ती न मागता मूल डिटेन्शनला गेलंच नाही तर एकाचे दोन होतात आणि दोनांचं सस्पेन्शन व्हायला वेळ लागत नाही. मूळ गुन्हा च्युइंगमचा आणि शेवट सस्पेन्शनचा अशी जी प्रकरणं होतात ती बहुतेक याच वाटेने. शनिवारचं डिटेन्शन मराठी घरांना सर्वांत जाचतं, कारण शनिवार-रविवारीच मराठी शाळा, तबला, भरतनाट्यम सगळं लावलेलं असतं. असो.

इन-स्कूल सस्पेन्शन, आयएसएस, हा या सेवेतला सर्वांत कमकुवत पदार्थ. कल्पना चांगली : मूल घरी पाठवायचं नाही, शाळेतच वेगळ्या खोलीत बसवून अभ्यास करून घ्यायचा. प्रत्यक्षात एक खोली, लक्ष ठेवायला एक माणूस, वेगवेगळ्या इयत्तांची पाच-सहा पोरं आणि ऑनलाइन क्लासरूमवर टाकलेलं काम. गणिताचा नवा धडा त्या दिवशी शिकवला गेला तर तो बुडालाच. म्हणून आयएसएसचा फोन आला की तीन गोष्टी लेखी मागा : प्रत्येक विषयाचं काम कोण आणि कधी पाठवणार, त्या दिवसाच्या चाचण्या केव्हा घेणार, आणि समुपदेशक त्या दिवशी मुलाला भेटणार का. तिसरी गोष्ट मागितल्याशिवाय सहसा होत नाही, आणि खरं तर आयएसएसचा उपयोग झालाच तर तेवढ्यामुळेच होतो.

घरी पाठवणारं सस्पेन्शन मात्र कागदावर फार बारकाईने बांधलेलं आहे. त्यामागे १९७५चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा गॉस विरुद्ध लोपेझ हा निकाल : दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही आधी आरोप सांगावा लागतो आणि मुलाला आपली बाजू मांडू द्यावी लागते. न्यू जर्सीने त्यावर आपला थर चढवला आहे. सलग १० शालेय दिवसांपर्यंत ते अल्पमुदतीचं. त्यात आरोप आणि अनौपचारिक सुनावणी सस्पेन्शनच्या आधी. मूल तिथे थांबणं धोक्याचं असेल तरच नंतर, आणि तीही लवकरात लवकर. निर्णय झाला त्याच दिवशी शाळा सुटण्याआधी पालकांना कळवायचं : आरोप कोणता, तथ्यं काय, शाळेच्या नियमावलीचं कुठलं कलम, किती दिवस, कोणत्या अटी. आणि सस्पेन्शन लागल्यापासून पाच शालेय दिवसांच्या आत शिकवण्याची सोय. तीन दिवसांचं सस्पेन्शन असेल तर ही शेवटची तरतूद हातात येतच नाही, मूल परत शाळेत पोचलेलं असतं. ही फट आहे आणि तिच्यावर उपाय शिक्षकांना स्वतः ईमेल करून काम मागवणं, एवढाच.

सुनावणी हा शब्द ऐकून टेबल, फाइल, समिती डोळ्यांसमोर आणू नका. असिस्टंट प्रिन्सिपलच्या खोलीत पाच मिनिटांचं बोलणं, तीच सुनावणी. आणि बऱ्याचदा त्याआधी मुलाच्या हातात एक कोरा फॉर्म देतात : काय झालं ते तुझ्या शब्दांत लिही. आपली पोरं इथे मार खातात (शब्दशः नव्हे, न्यू जर्सीने शाळेतली शारीरिक शिक्षा १८६७ सालीच बंद केली, आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने ती देशभर बंद झाली २००९च्या कायद्यात). मोठ्यांसमोर आधी 'सॉरी' म्हणायचं हे घरात शिकवलेलं असतं, त्यामुळे कागदावरचं पहिलं वाक्य 'माझी चूक झाली' हे असतं, आणि पुढे काय लिहिलंय याला मग किंमत उरत नाही. शाळेला स्वतःच्या चौकशीआधी पालकांना बोलावणं बंधनकारक नाही. म्हणून पोराला आधीच सांगून ठेवावं : तू काय केलंस आणि डोळ्यांनी काय पाहिलंस तेवढंच लिही, दुसऱ्याच्या मनात काय होतं ते लिहू नकोस, आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही, खोटं काही लिहू नकोस, आणि 'मला आईला फोन करायचाय' असं शांतपणे विचारायला काही हरकत नाही.

समोर गणवेशातला पोलीस असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच मिडल स्कूलमध्ये शाळेसाठी नेमलेला अधिकारी असतो, हसतमुख असतो, पोरं त्याला हाय-फाइव्ह देतात. पण तो पोलीसच. २०११ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या सातवीतल्या मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शाळेत पोलिसांनी विचारपूस केली तर मूल 'कोठडीत' होतं का हे ठरवताना त्याचं वय लक्षात घ्यावं लागतं. खटला मिडल स्कूलमधल्याच एका खोलीचा होता. पोलीस विचारत असेल तर मुलाने एवढंच म्हणावं : 'आईबाबा आल्याशिवाय मी बोलणार नाही.' घरात हे वाक्य एकदा इंग्रजीत म्हणून घ्या. उद्धटपणा नाही तो.

झडतीचा कायदा तर याच गल्लीतला आहे. न्यू जर्सी विरुद्ध टी.एल.ओ. हा १९८५चा निकाल पिस्कॅटवे हायस्कूलच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडलेल्या मुलीच्या पर्सवरून लागला. तेव्हापासून देशभर नियम असा : शाळेला पोलिसांसारखं वॉरंट नको, पण 'रास्त संशय' हवा आणि झडती त्या संशयाच्या मापाची हवी. व्हेपच्या संशयावरून दप्तर बघता येतं. म्हणून फोनमधले मेसेज वाचता येतात असं होत नाही. लॉकर शाळेचाच, तो उघडण्याबद्दल भांडू नका. कपडे उतरवून झडती न्यू जर्सीत शाळेच्या कर्मचाऱ्यांना मुळातच मनाई आहे. देशपातळीवर २००९मध्ये अ‍ॅरिझोनातल्या १३ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, तेही साध्या आयबुप्रोफेनच्या गोळ्यांवरून, न्यायालयाने तशी झडती बेकायदा ठरवली. गोळ्यांवरून आठवलं : क्रोसिन, डोलो, आजीने दप्तरात घातलेलं होमिओपॅथीचं बाटलीभर औषध, काहीही मुलाने स्वतःजवळ ठेवायचं नसतं. औषध नर्सकडे, डॉक्टरांच्या सहीच्या फॉर्मसह. दम्याचा पंप आणि एपिपेन (अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) स्वतःजवळ ठेवायलाही लेखी परवानगी लागते. दुसऱ्याला एक गोळी 'डोकं दुखतंय म्हणून' दिली की तक्त्यात ती 'औषध वाटप' म्हणून बसू शकते, आणि तो रकाना वरच्या पायरीवर असतो.

आता खात्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चर्चेतला विभाग, एचआयबी. छळ, धाकदपटशा, दादागिरी यांविरुद्धचा न्यू जर्सीचा कायदा. २०११च्या जानेवारीत त्यावर सही झाली, २०२२मध्ये तो आणखी घट्ट केला. कागद म्हणून हा देशातल्या कडक कायद्यांपैकी एक, आणि वेळापत्रक डोळे दिपवणारं. कर्मचाऱ्याने त्याच दिवशी प्रिन्सिपलला तोंडी कळवायचं, दोन शालेय दिवसांत लेखी. प्रिन्सिपलने एका शालेय दिवसात चौकशी सुरू करायची. ती करतो शाळेचा अँटी-बुलिइंग स्पेशालिस्ट; हा बहुधा समुपदेशक किंवा शाळेचा मानसतज्ज्ञच असतो, रोजची कामं सांभाळून. लेखी तक्रारीपासून १० शालेय दिवसांत चौकशी पूर्ण, पुढच्या दोन दिवसांत सुपरिंटेंडंटकडे (शाळा-जिल्ह्याचा प्रमुख), मग त्या जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाच्या पुढच्या सभेत. त्यानंतर पाच शालेय दिवसांत पालकांना लेखी माहिती.

पालक इथेच गडबडतात. १० दिवस ऐकलेले असतात, म्हणून अकराव्या दिवशी पत्राची वाट बघतात. मंडळाची सभा महिन्यातून एक-दोनदा. घटना नुकत्याच झालेल्या सभेनंतर घडली असेल तर पत्र हातात यायला महिना उलटून जातो, आणि नियम मोडलेला नसतो. तोवर मूल त्याच बसमध्ये, त्याच टेबलावर. म्हणून तक्रारीच्याच ईमेलमध्ये तात्पुरत्या व्यवस्था मागा : बसमधली जागा, लंचचं टेबल, लॅबचा जोडीदार, शौचालयाला जाताना कोण बघणार. आणि एक वाक्य न विसरता : 'हलवायचं झालं तर माझ्या मुलाला हलवू नका.' सोपं म्हणून शाळा ज्याने तक्रार केली त्यालाच उचलून दुसऱ्या वर्गात टाकते. हेतू चांगला असतो, परिणाम असा की शिक्षा झाल्यासारखं वाटतं तक्रार करणाऱ्यालाच.

शेवटी येणारं पत्र बघितलं की बहुतेकांचा हिरमोड होतो. चौकशी कशाची होती, पुरावा आढळला का नाही, शिस्तीची कारवाई झाली का, मदत दिली का, इतकंच. दुसऱ्या मुलाचं नाव नाही, त्याला किती दिवस घरी बसवलं ते नाही. गोपनीयतेचा कायदा दोन्ही बाजूंना सारखा, त्यामुळे ते भांडून मिळत नाही. निकाल पटला नाही तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत मंडळापुढे सुनावणी मागता येते. मागितल्यावर ती १० दिवसांत, बंद सभेत. तिथे न पटल्यास ९० दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे. वंश, धर्म, मूळ देश यांवरून प्रकार असेल तर नागरी हक्क विभागाचं दार वेगळं, घटनेपासून १८० दिवस.

पण आधी हे तपासा की प्रकार एचआयबी आहे का. इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो. कायद्याला तीन गोष्टी एकत्र लागतात. वागण्यामागे एखादं वैशिष्ट्य असावं : रंग, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व, किंवा 'इतर ओळखू येणारं वैशिष्ट्य', ज्यात वजन, बोलण्याची ढब, चष्माही येऊ शकतो. शाळेच्या कामकाजात किंवा दुसऱ्या मुलाच्या हक्कांत ठळक अडथळा यावा. आणि इजा, अपमान किंवा दहशतीचं वातावरण यांतलं काहीतरी घडावं. डब्यातल्या मेथीच्या वासावरून रोज नाक दाबून 'करी' म्हणणं यात बसतं. नाव मुद्दाम वेडंवाकडं उच्चारून वर्गाला हसवणं बसू शकतं. एकदाच घडलं तरी ते एचआयबी ठरू शकतं. दोन मैत्रिणींचं फाटलं आणि एकीने दुसरीला ग्रुपमधून काढलं, हे सहसा नाही बसत. ते भांडण, आणि त्याला समुपदेशक पुरतो. प्रत्येक रुसव्याला एचआयबीचा फॉर्म भरणारे पालक पोरांना पक्षकार करून टाकतात, आणि चौकशीत सगळ्या वर्गाला एकेक करून बोलावलं की जुळू शकणारी मैत्रीही तुटते. हा माझ्या मते या कायद्याचा सर्वांत मोठा उलटा परिणाम.

दुसरी बाजू आपल्याकडे कोणी बोलत नाही : आरोपी आपलाच मुलगा असतो. एकमेकांना 'गे' म्हणणं, काळ्या मुलांवरचे मीम फॉरवर्ड करणं, डिस्कॉर्डवर रात्री अकराला टाकलेला 'जोक'. शाळेबाहेर, घरच्या फोनवरून केलेलंही या कायद्यात येतं, जर त्याचे पडसाद शाळेत उमटले तर. 'आमच्याकडे असंच बोलतात' हा बचाव नाही. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेला चौकशीचा निकाल मुलाच्या रेकॉर्डमध्ये जातो आणि सुधारणेचे उपाय होतात. तिसऱ्या खेपेपासून सुपरिंटेंडंटने मंजूर केलेली स्वतंत्र योजना, जीत मुलाला पालकांसह एखाद्या प्रशिक्षणवर्गाला बसवणंही येऊ शकतं. त्यामुळे आरोपाचं पत्र आलं तर स्क्रीनशॉट उडवायला सांगू नका. संपूर्ण संभाषण जपून ठेवा, वरचे-खालचे मेसेज बघितल्यावर बऱ्याचदा चित्र मवाळ होतं. आणि झालं तेच असेल तर चौकशीच्या आधीच कबुली आणि दुरुस्तीची तयारी लेखी दाखवलेली बरी.

व्हेपचं प्रकरण वेगळ्या रुळावरून जातं. नुसतं निकोटिन असेल तर तक्त्यातली शिक्षा. पण मूल नशेत असल्याचा संशय कर्मचाऱ्याला आला तर राज्याच्या कायद्याने ताबडतोब वैद्यकीय तपासणी. डॉक्टर तुमचा निवडता येतो, पण तो लगेच मिळाला पाहिजे. नाहीतर शाळेचा डॉक्टर किंवा इमर्जन्सी रूम. अर्जंट केअरमध्ये जाण्याआधी शाळेला विचारा की तिथला अहवाल चालेल का. परतीसाठी डॉक्टरांचा लेखी अहवाल लागतो, त्यात काय काय हवं याचा फॉर्म शाळेकडून त्याच वेळी घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी दारातून परत. 'आमचा मुलगा असलं करत नाही' म्हणून तपासणी नाकारणं सगळ्यात महाग पडतं, कारण नकार हाच नियमभंग धरला जातो.

बंदुकीला माफी नाही : किमान एक वर्ष शाळेबाहेर, सुपरिंटेंडंटने प्रकरणागणिक बदल केला तरच वेगळं. सुरी, पेपर स्प्रे, खेळण्यातली पण खरीसारखी दिसणारी बंदूक, याला प्रत्येक जिल्ह्याचा आपला नियम. कॅम्पिंगहून आल्यावर दप्तराचा खालचा कप्पा तपासणं एवढं तर घरी होऊ शकतं. 'उडवून टाकीन' हे रागात म्हटलेलं वाक्यही इथे धमकीचं मूल्यमापन सुरू करतं, पोलिसांना कळवलं जातं. मराठीत 'मारून टाकीन तुला' किती सहज म्हणतो आपण; त्याचं इंग्रजी भाषांतर मुलाने वर्गात केलं की पुढचे दोन दिवस गेले.

पोलिसांकडे प्रकरण गेलं आणि त्यांनी 'स्टेशनहाउस अ‍ॅडजस्टमेंट' देऊ केली, म्हणजे कोर्टात न नेता ठाण्यातच माफी, भरपाई, समाजसेवा यांवर मिटवायचं, तर ते किरकोळ प्रकारात सहसा चांगलं असतं. पण सहीआधी वकिलाला दाखवा. व्हिसावर असाल तर नक्कीच. शाळेची शिस्त ही शाळेची नोंद, पोलिसांचा आरोप ही वेगळी. दोन्हींची गल्लत करून घाबरणारेही बरेच, आणि पोलिसांच्या आरोपाला हलकं घेणारेही.

१० दिवसांहून मोठं सस्पेन्शन म्हणजे मंडळापुढची औपचारिक सुनावणी, ३० दिवसांच्या आत. साक्षीदारांची यादी आणि जबाब आधी मिळतात, वकील नेता येतो, प्रश्न विचारता येतात, निर्णय पाच शालेय दिवसांत लेखी. इथपर्यंत पोचलेल्यांनी असली परीक्षणं वाचण्यात वेळ घालवू नये, शिक्षण कायद्याचा वकील गाठावा.

मुलाला आयईपी किंवा ५०४ योजना (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणीसाठी शाळेने लेखी ठरवलेली मदत) असेल तर सस्पेन्शनचे दिवस वर्षभर मोजत राहा, शाळा मोजेल या भरवशावर नको. दहा दिवसांच्या पुढे मुलाची शिकण्याची जागा बदलण्याचा निर्णय झाला की १० शालेय दिवसांत बैठक घ्यावी लागते, ही वागणूक त्या अडचणीतूनच आली का, किंवा योजना नीट न पाळल्यामुळे झाली का हे ठरवायला. 'लवकर घेऊन जाता का, आज त्याचा दिवस बरा नाहीये' असा फोन वारंवार येत असेल तर तो अनौपचारिक सस्पेन्शनच आहे, फक्त कागदावर नाही. प्रत्येक वेळी ईमेल : 'आपल्या सांगण्यावरून आज १२:१०ला घरी आणलं, हे सस्पेन्शन म्हणून नोंदवलं आहे का?' दोन-तीन ईमेल गेल्या की ते फोन कमी होतात.

फोनवर काय विचारायचं ते एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा : कुठलं कलम, नेमकं काय घडलं, कोणी पाहिलं, किती दिवस आणि कधीपासून, अभ्यासाचं काय, व्हिडिओ आहे का. बसमधला आणि हॉलवेतला व्हिडिओ काही दिवसांनी आपोआप पुसला जातो, म्हणून 'तो जपून ठेवा' ही मागणी त्याच दिवशी लेखी. दाखवतील याची खात्री नाही, कारण त्यात दुसऱ्यांची मुलं दिसतात, पण पुसला तर जाणार नाही. संध्याकाळचा ईमेल छोटा : आज फोनवर आपण असं सांगितलंत, मला असं समजलं, यात चूक असेल तर कळवा, आणि हे तीन प्रश्न. विशेषणं नकोत, 'रेसिस्ट' हा शब्द पुराव्याशिवाय नको, सुपरिंटेंडंटला पहिल्याच ईमेलमध्ये सीसी नको. इंग्रजीची अडचण असेल, आजी-आजोबा मुलाला सांभाळत असतील, तर दुभाषा मागा. तो शाळेने फुकट द्यायचा असतो, टेलिफोनवरून मराठीचाही मिळतो. मुलालाच दुभाषा बनवून त्याच्याच तक्रारीचं भाषांतर करायला लावणं म्हणजे काय होतं ते सांगायला नको.

शाळा समुपदेशक, शिक्षक, खालचे कर्मचारी, यांच्याबद्दल बोलायचं तर बहुतेक लोक मनापासून काम करतात, आणि असिस्टंट प्रिन्सिपल हे दिवसभर कोणाची तरी भांडणं मिटवणारं पद आहे. नव्या शाळेच्या भेटीला गेलात तर त्याच माणसाला दोन मिनिटं भेटा. 'गेल्या वर्षी आयएसएसच्या खोलीत लक्ष ठेवायला कोण असायचं?' हा एक प्रश्न विचारा. उत्तर लगेच, नावानिशी आलं तर शाळा ते खातं चालवते. 'ते बदलत राहतं' असं आलं तर तुमच्या पोराला ती खोली बघायला न लागो.

कॉलेजची धास्ती मात्र सोडून द्या. प्रवेश अर्ज हायस्कूलच्या नोंदी बघतात, आणि कॉमन अ‍ॅपने (बऱ्याच कॉलेजांचा सामायिक प्रवेश अर्ज) शाळेतल्या शिस्तीचा प्रश्नच २०२१-२२पासून काढून टाकला. आठवीतून नववीत जाताना मात्र फाइल मुलाबरोबर जाते. म्हणून आठवीच्या मे महिन्यात रेकॉर्ड बघण्याचा लेखी अर्ज करा. न्यू जर्सीत शाळेने ते १० दिवसांत दाखवायचं असतं. शिस्तीची पानं एकेक वाचा. दुसऱ्याच मुलाचं रेफरल चुकून लागलेलं, 'आढळलं नाही' असा निकाल आलेली तक्रार नुसती तक्रार म्हणून राहिलेली, तीन दिवसांचे पाच झालेले, या चुका नेहमीच्या आहेत. दुरुस्ती मागता येते. नाकारली तर आपलं म्हणणं लेखी जोडता येतं आणि ते त्या पानाबरोबरच पुढे जातं. अर्ज जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर टाकलात तर ऑफिसात उत्तर द्यायला कोणी सापडणं कठीण.